दोन सेकंदांचा थांबा, वीस सेकंदांचा हिशेब

वाचकांचे प्रश्न : फॉर्म्युला वन

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न पिटच्या, म्हणजे शर्यतीच्या मध्येच टायर बदलायला घेतलेल्या थांब्याभोवती फिरतात. शर्यतीचा निकाल चाकं किती झटपट बदलली यावर कमी आणि गाडी बाहेर कुठे पडली यावर जास्त ठरतो. ही एक गोष्ट नीट कळली तर शर्यत पाहण्याची मजा दुप्पट होते, म्हणून पहिलं उत्तर जरा सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : पडद्यावर थांब्याची वेळ 2.3 सेकंद दिसते, पण गाडी परत येते तेव्हा सहा-सात जागा मागे गेलेली असते. मग बाकीचा वेळ जातो कुठे? (नाशिकहून)

उत्तर : पिटलेनमध्ये, म्हणजे ट्रॅकला लागून असलेल्या पिटच्या रस्त्यावर. तिथे बहुतेक ट्रॅकवर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा असते, मोनॅकोत 60 ची. ताशी 80 म्हणजे सेकंदाला जेमतेम 22 मीटर. मर्यादा सुरू होते त्या रेघेपासून संपते त्या रेघेपर्यंत 400 मीटर धरा. तेवढ्याला 18 सेकंद लागतात. शेजारच्या ट्रॅकवरून ताशी 250 च्या सरासरीने जाणारी गाडी तेच अंतर सहा सेकंदांत कापते. म्हणजे बारा सेकंद इथेच गेले. थांब्याचे अडीच सेकंद धरा. आत शिरताना मारलेला ब्रेक, चाकं बदलण्याच्या जागी पूर्ण थांबणं आणि शून्यापासून पुन्हा वेग घेणं, यात आणखी पाचेक सेकंद जातात. बेरीज वीसच्या घरात येते. मॅक्लारेनने 2023 च्या कतार ग्रां प्रीमध्ये लॅन्डो नॉरिसची चाकं 1.80 सेकंदांत बदलली, तो विक्रम खराच थक्क करणारा आहे. पण 1.8 आणि 2.4 मधला फरक सहा दशांशांचा, आणि उरलेले अठरा सेकंद सगळ्यांना सारखेच भरावे लागतात.

हा आकडा घरबसल्या काढता येतो. पिटमध्ये जाणारी पहिली गाडी निवडा. तिच्या पुढच्या गाडीने त्या वेळी थांबा घेतलेला नसावा. आत जाण्याआधीचं दोघांतलं अंतर सेकंदांत लिहून ठेवा आणि बाहेर आल्यावरचंही लिहा. वाढलेलं अंतर म्हणजे त्या दिवसाचा तोटा. तो 21 सेकंद निघाला, तर पुढे कोणीही आत जाणार असं वाटलं की त्याच्या 21 सेकंद मागे कोण आहे ते वेळेच्या तक्त्यात पाहा. गाडी नेमकी तिथे बाहेर पडणार. तिथे मोकळी जागा असेल तर थांबा साधला. जुन्या टायरवर रखडणाऱ्या चार गाड्यांची रांग असेल, तर नव्या टायरचा फायदा त्या रांगेमागे वाया जातो.

अपघातानंतर गाड्यांचा वेग आवरायला सेफ्टी कार आली की ट्रॅकवरचे सगळे सावकाश चालतात, पिटलेनचा वेग मात्र तोच राहतो. त्यामुळे तोटा साधारण निम्म्यावर येतो, आणि म्हणूनच त्या क्षणी सगळे आत धावतात. इटलीतल्या मोंझाला याच्या उलट आहे. तिथली पिटलेन ज्या सरळ रस्त्याला लागून आहे, त्यावर गाड्या ताशी 330 च्या वर जातात. तोटा मोठा, म्हणून एकच थांबा घेण्याचा मोह तिथे जास्त. 2024 ला शार्ल लक्लेरने तेच केलं. 53 फेऱ्यांच्या शर्यतीत 15 व्या फेरीला हार्ड टायर (सॉफ्ट वेगवान पण लवकर झिजणारे, हार्ड संथ पण टिकाऊ, मीडियम मधले) घेतले आणि उरलेल्या 38 फेऱ्या त्यांच्यावरच काढल्या. दोन थांबे घेणारा ऑस्कर पियास्त्री ताज्या टायरवर झपाट्याने जवळ आला, पण शेवटी 2.7 सेकंदांनी कमी पडला.

प्रश्न : अंडरकट म्हणजे आधी थांबून पुढे जाणं, हे समजलं. पण मग पुढचा लगेच दुसऱ्या फेरीला थांबून उत्तर का देत नाही? (कोल्हापूरहून)

उत्तर : कारण तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. मागच्याने नव्या टायरवर बाहेर पडून एकच फेरी मारली की तो सेकंद-दोन सेकंद कमावतो. दोघांत अंतर त्याहून कमी असेल, तर पुढचा पिटमधून बाहेर येतो तेव्हा मागचा त्याच्या पुढून गेलेला असतो. टायर तापायला वेळ घेणारा असेल, ट्रॅक थंड असेल किंवा बाहेर गर्दी असेल, तर डाव फसतो. अशा वेळी उलट जास्त वेळ बाहेर राहणाऱ्याचा फायदा होतो, त्याला ओव्हरकट म्हणतात.

तुमच्या प्रश्नाला 2019 च्या हंगेरियन ग्रां प्रीइतकं चांगलं उदाहरण नाही. 70 फेऱ्यांच्या त्या शर्यतीत मॅक्स व्हर्स्टापन पहिला आणि लुईस हॅमिल्टन त्याच्या मागे चिकटून होता. व्हर्स्टापनने 25 व्या फेरीला हार्ड घेतले, हॅमिल्टनने 31 व्या. हॅमिल्टनचे टायर सहा फेऱ्यांनी ताजे होते, तरी हंगेरोरिंगच्या अरुंद वळणांवर त्याला पुढे जाता येईना. मग 48 व्या फेरीला मर्सिडीजने त्याला दुसऱ्यांदा आत बोलावलं आणि मीडियम टायर दिले.

हे परवडलं कशामुळे? तिसऱ्या क्रमांकामुळे. मागच्या फेरारी इतक्या लांब होत्या की थांबूनही हॅमिल्टनचा दुसरा क्रमांक हलणार नव्हता. अखेरीस तिसरा आलेला सेबास्टियन वेटल मिनिटभराहून जास्त मागे होता. याला फुकटचा थांबा म्हणतात. व्हर्स्टापनला तसा थांबा नव्हता. लगेच उत्तर द्यायला गेला असता तर तो हॅमिल्टनच्या मागे बाहेर पडला असता, म्हणून तो बाहेरच राहिला. हॅमिल्टनला सुमारे 20 सेकंद भरून काढायचे होते आणि हातात 22 फेऱ्या होत्या, म्हणजे फेरीला जवळपास एक सेकंद. 67 व्या फेरीच्या पहिल्याच वळणाला त्याने व्हर्स्टापनला गाठून मागे टाकलं. व्हर्स्टापनचे टायर तेव्हा चाळिसाहून जास्त फेऱ्या चाललेले होते. आता हरण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा व्हर्स्टापनने सॉफ्ट टायर घेऊन सर्वांत वेगवान फेरीचा गुण तेवढा पदरात पाडून घेतला.

दोन वर्षांनी, 2021 च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये पारडं फिरलं. आघाडीवर असलेल्या व्हर्स्टापननेच 32 व्या फेरीला दुसरा थांबा घेतला आणि 53 पैकी 52 व्या फेरीला हॅमिल्टनला गाठलं. तेव्हा पुढच्या वेळी आघाडीच्या दोघांची झुंज रंगली की नजर तिसऱ्यावर ठेवा. डाव कोणाला परवडतो, ते तिथे कळतं.

प्रश्न : दोन सेकंदांत नेमकं कोण काय करतं? आणि एक नट अडकला म्हणून गाडी बाद कशी होते? (ठाण्याहून)

उत्तर : प्रत्येक चाकाशी तिघे असतात. एक नट फिरवणारी गन चालवतो, एक जुनं चाक ओढतो, एक नवं बसवतो. झाले बारा. पुढे आणि मागे जॅकवाले दोन, गाडी डुलू नये म्हणून मधोमध धरणारे दोन, पुढच्या विंगचा कोन बदलायला दोन. शिवाय जादा जॅक घेऊन उभे असलेले, आणि पिटलेन मोकळी आहे की नाही ते पाहून गाडी सोडणारा. वीस-बावीस माणसं होतात. पेट्रोल भरणं 2010 पासून बंद आहे, त्यामुळे सगळी घाई चाकांचीच.

चाकाला नट एकच. गाडी थांबता थांबता गन नटावर बसते. नट सुटला, चाक निघालं, नवं बसलं, नट आवळला, की गनवाला बटण दाबतो. चारही चाकांचा होकार आला की जॅक खाली आणि ड्रायव्हरसमोर हिरवा दिवा. 2021 च्या मध्यात नियामकांनी इथे एक अट घातली : नट बसल्यापासून जॅकवाल्याला इशारा मिळेपर्यंत किमान 0.15 सेकंद आणि जॅक खाली आल्यापासून गाडी सुटेपर्यंत किमान 0.2 सेकंद गेलेच पाहिजेत. माणसाने डोळ्यांनी पाहून हो म्हणायला एवढा वेळ लागतोच. त्याहून कमी लागला तर कोणीतरी आधीच बटण दाबलं असा अर्थ होतो. ही अट योग्यच आहे, सैल चाकाखाली माणसं येऊ शकतात.

चुका दोन प्रकारच्या. गन तिरकी बसली तर तिची पकड नटावरून घसरते आणि नटाच्या कडा झिजून तो गुळगुळीत होतो. मोनॅकोत 2021 ला वाल्टेरी बोटासचं पुढचं उजवं चाक असंच अडकलं. दुसऱ्या क्रमांकावरची गाडी तिथेच बाद झाली, आणि ते चाक शेवटी मर्सिडीजच्या ब्रॅक्लीतल्या कारखान्यात जाऊन निघालं. दुसरा प्रकार म्हणजे नटाचे आटे तिरके चढणं. गनला नट घट्ट लागतो, गनवाल्याला वाटतं झालं, पण चाक सैलच राहतं. मेलबर्नला 2018 मध्ये हास संघाच्या दोन्ही गाड्या चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असताना असंच झालं. मॅग्नुसन 22 व्या फेरीला थांबला, ग्रोजाँ 24 व्या. सैल चाकाने गाडी चालवायला परवानगीच नसते, म्हणून संघालाच ती थांबवावी लागते. ग्रोजाँची गाडी ट्रॅकवर उभी राहिली म्हणून व्हर्च्युअल सेफ्टी कार लागली, म्हणजे प्रत्यक्ष गाडी न आणता सगळ्यांना वेग कमी करायला लावलं. तोवर न थांबलेल्या वेटलने त्या स्वस्त वेळात थांबा घेतला, आधीच थांबून गेलेल्या हॅमिल्टनच्या पुढे तो बाहेर पडला आणि शर्यत जिंकला. हासच्या एका नटाने फेरारीला विजय मिळवून दिला.

प्रश्न : 2013 च्या इंडियन ग्रां प्रीमध्ये वेटल दुसऱ्याच फेरीला पिटमध्ये का गेला होता? (पुण्याहून)

उत्तर : नावडते टायर लवकरात लवकर उतरवण्यासाठी. कोरड्या शर्यतीत दोन प्रकारचे टायर वापरणं सक्तीचं असतं, आणि तेव्हाच्या नियमाने पहिल्या दहांना पात्रता फेरीच्या शेवटच्या टप्प्यात ज्या टायरवर आपली सर्वोत्तम वेळ नोंदवली, त्यांच्यावरच सुरुवात करावी लागे. वेटलकडे सॉफ्ट होते. बुद्ध सर्किटवर ते काही फेऱ्यांतच फोड येऊन मंदावत होते. शर्यत 60 फेऱ्यांची. दोन फेऱ्यांत सॉफ्ट उतरवले की उरल्या 58, त्यांचे दोन समान भाग 29-29 चे, दोन्ही मीडियमवर. दुसरा थांबा त्याने 31 व्या फेरीलाच घेतला. टायर पुरवणाऱ्या पिरेलीने मीडियमसाठी 35 फेऱ्यांची मर्यादा सुचवली होती, तिच्या आत हे आरामात बसत होतं. किंमत एवढीच की सुरुवातीलाच गर्दीच्या मागे बाहेर पडून एकेकाला पार करावं लागलं. त्याने ते केलं, सुमारे 30 सेकंदांनी जिंकला आणि त्याच दिवशी चौथं विश्वविजेतेपदही मिळवलं.

लोटस संघाने त्या दिवशी मर्यादा ताणून पाहिली. ग्रोजाँ 17 व्या जागेवरून निघाला, 13 व्या फेरीला थांबला, 47 फेऱ्या एकाच संचावर काढल्या आणि तिसरा आला. त्याच संघाचा राइकोनेन सातव्या फेरीलाच थांबला होता. सहा फेऱ्यांचाच फरक, पण त्याचे टायर शेवटपर्यंत टिकले नाहीत. अखेरीस आणखी एक थांबा घेऊन तो सातवा आला.

प्रश्न : पाच सेकंदांची शिक्षा पिटमध्ये कशी भोगतात? (सोलापूरहून)

उत्तर : गाडी आपल्या जागेवर थांबते आणि पाच सेकंद कोणीही तिला हात लावायचा नाही, जॅकसुद्धा नाही. मगच चाकं बदलायची. पुढे थांबा नसेलच तर शर्यतीनंतर एकूण वेळेत पाच सेकंद मिळवतात. म्हणून शिक्षा झालेला ड्रायव्हर पहिला आला तरी मागचा पाच सेकंदांच्या आत आहे का, ते पाहूनच टाळ्या वाजवा.

प्रश्न : जॉर्ज रसेल बेल्जियममध्ये जिंकूनही बाद का झाला? एकच थांबा घेतला म्हणून? (पणजीहून)

उत्तर : थांब्यासाठी नव्हे, वजनासाठी. 2024 ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर तो 44 पैकी दहाव्या फेरीला थांबला आणि 34 फेऱ्या हार्डवर काढून पहिला आला. तपासणीत इंधन काढून घेतल्यावर गाडी 796.5 किलो भरली. नियमाने किमान 798 हवी होती. टायर झिजले की रबर कमी होतं आणि वजनही घटतं. एरवी शर्यतीनंतरच्या सावकाश फेरीत ड्रायव्हर ट्रॅकवर पडलेलं रबर टायरला चिकटवून थोडं वजन भरून काढतात, पण स्पाला ती पूर्ण फेरी नसते, गाड्या लगेच पिटकडे वळवतात. दीड किलोत विजय गेला. पहिला क्रमांक हॅमिल्टनला, दुसरा पियास्त्रीला, तिसरा लक्लेरला मिळाला.