पिकॉक स्पायडरचं प्रदर्शन: तिकिटाआधी नाचाच्या खोलीची चौकशी करा

पिकॉक स्पायडर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या चिमुकल्या रंगीत कोळ्यांच्या प्रदर्शनाला तुम्ही मुलीला घेऊन गेलात, त्याची पोस्ट वाचून जुनी चीड वर आली. तुम्ही भिंतीभर मोठे फोटो बघितलेत, पण त्यांच्या नाचाच्या व्हिडिओची खोली बंद, आणि काउंटरवर उत्तर काय, तर 'प्रदर्शन एवढंच आहे'. ऑस्ट्रेलियातच एका दालनात माझ्या बाबतीत डिट्टो हेच झालं. नाव लिहीत नाही, नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ती खोली फक्त गाइडेड टूरसाठी उघडते. टूरचं बुकिंग कुठे? वेबसाइटवर. वेबसाइटवर काय लिहिलेलं? काउंटरवर चौकशी करा! त्या दिवशीची टूर तोवर होऊन गेली होती. नंतर ईमेल केला, तर उत्तरात दालन उघडण्याच्या वेळा आल्या. मी ते विचारलंच नव्हतं.

एवढं मनाला लागायचं कारण म्हणजे या कोळ्यांचं अर्धं सौंदर्य हालचालीत आहे. नर जेमतेम ४-५ मिलिमीटरचा. मादीला रिझवायला तो नाचतो: पोटावरचा रंगीत पडदा उभारतो, पायांची तिसरी जोडी वर करून हलवतो, आणि त्याच वेळी शरीर थरथरवून जमिनीतून कंपनं पाठवतो. तपकिरी मादी ही कंपनं पायांनी टिपते. मॅरेटस व्होलान्स या जातीची ही कंपनं लेसरने मोजल्याचं संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. फोटोत यातलं काय दिसणार? नुसता रंग.

म्हणून माझं ठाम मत: व्हिडिओची किंवा ही कंपनं अनुभवायची खोली सुरू नसेल, तर तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढा. कोणती खोली कधी उघडी, हे आधी लेखी विचारा आणि ते उत्तर फोनवर जवळ ठेवा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. (निदान मी तरी आता विसंबत नाही.)

फोटो दुय्यम आहेत असं मात्र मुळीच नाही. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचे रंग बरेच उडतात, त्यामुळे जिवंतपणीचा रंग टिकतो तो फोटोतच. एवढ्या जवळून एका वेळी कोळ्याचा पातळसा थरच स्पष्ट येतो. म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत पुष्कळ फोटो काढून ते एकत्र जोडतात. प्रिंटच्या अगदी जवळ जाऊन पोटावरचे खवले बघा. लाल आणि निळ्या पट्ट्यांची कड जिथे मिळते, तिथे एकेक खवला सुटा दिसतो. तिथून सरळ पुढच्या फोटोकडे पळू नका.

मुलीला घेऊन परत जाणार असाल, तर पट्टीवर ५ मिलिमीटर दाखवूनच आत न्या. माणसाएवढा फोटो आधी पाहिला, की खरा आकार डोक्यात बसत नाही.

आणि ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात असाल, तर खरे कोळीही शोधा. रंगीत नर साधारण तेव्हाच दिसतात. जाळं विणून बसत नाहीत, त्यामुळे जाळी शोधू नका, वाळलेली पानं आणि बुटकी झुडपं न्याहाळा. माणसाला त्यांचा त्रास नाही. मी यातला तज्ज्ञ नाही, तेव्हा जात ओळखायला मला फोटो पाठवू नका. शंभराहून जास्त जाती आहेत, माझी गल्लत होईल.