कुंपणावरची पहिली बाग: आधी पाचच बाटल्या टांगा

ताई, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्यांत रोपं लावून कुंपणावर बाग करायची आहे आणि कुंपण जाळीचं आहे म्हणताय, म्हणजे निम्मं काम झालंच. फक्त पहिल्याच रविवारी पन्नास बाटल्या टांगू नका. पाच टांगा, महिनाभर सांभाळा, मग वाढवा.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पाणी साचून. दोन लिटरची बाटली आडवी धरा, वरच्या बाजूला हात जाईल एवढी खिडकी कापा आणि खालच्या बाजूला खिळा तापवून पाच-सहा भोकं पाडा. एक-दोन पुरत नाहीत, मातीने बुजतात. पाणी घातल्यावर अर्ध्या मिनिटात खालून थेंब पडायला हवेत. नाही पडले तर रोप लावूच नका, आधी भोकं मोठी करा.

नुसती बागेतली माती भरू नका, ती दगडासारखी बसते आणि ओली झाली की जड होते. माती, शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या भागात घ्या. टांगायला सुतळी नको, पावसाळ्यात कुजते. बायंडिंगची तार (बांधकामात सळ्या बांधतात ती) बाटलीच्या दोन्ही टोकांना घ्या.

आणखी दोन चुका टाळा:
- रंगाच्या जुन्या डब्यात खायची भाजी लावू नका.
- पश्चिमेच्या कुंपणावर पत्र्याचे डबे नकोत. मे महिन्यात मुळं भाजतात.

सुरुवात मेथी, पुदिना आणि चिनी गुलाबाने करा. मेथी तीन-चार दिवसांत मान वर काढते, ती बघून जो हुरूप येतो तो फार मोलाचा! टोमॅटो, ठिबक वगैरे नंतर बोलू. उन्हाळ्यात मात्र सकाळ-संध्याकाळ बोट मातीत घालून बघा, एवढ्याशा मातीत ओल टिकत नाही.