वाचकांचे प्रश्न : पानसिंग तोमर, धावपटू आणि बागी

प्रश्न : ‘पानसिंग तोमर’ हा हिंदी चित्रपट अलीकडेच पाहिला. त्यातील कितपत भाग खरा आहे? आणि माणसे पळवून खंडणी उकळणाऱ्याला नायक करणे उचित आहे का?

उत्तर : कथेचा सांगाडा खरा आहे. मुरैना जिल्ह्यातील भिडोसा गावचे पानसिंग तोमर सैन्यात सुभेदार होते, ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावण्याच्या शर्यतीत सात वेळा राष्ट्रीय विजेते ठरले होते आणि १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत भारताकडून धावले होते. निवृत्तीनंतर गावी परतल्यावर जमिनीवरून पेटलेल्या भाऊबंदकीने त्यांना चंबळच्या घळींत नेले, ते बागी म्हणजे डाकू झाले आणि १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये पोलीस चकमकीत ते मारले गेले. एवढे पक्के धरावे. पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीची चौकट, संवाद आणि प्रसंगांची गुंफण हे मात्र पटकथेचे काम आहे, त्याकडे पुरावा म्हणून पाहू नये. फूलनदेवीवरील ‘बँडिट क्वीन’साठी पात्रनिवड करणाऱ्या तिग्मांशू धुलियांना, म्हणजे या चित्रपटाच्या दिग्दर्शकांना, ही हकीकत त्या चित्रपटाच्या निमित्ताने चंबळमध्येच गवसली होती.

आता दुसरा, अधिक अवघड प्रश्न. चित्रपट पानसिंगला निर्दोष ठरवत नाही. ‘पकड’ म्हणजे खंडणीसाठी केलेले अपहरण तो दाखवतो आणि सुडापोटी गावकऱ्यांवर झाडलेल्या गोळ्याही दाखवतो. तरीही प्रेक्षकाचे मन त्याच्याकडे झुकते, ते आमच्या मते पोलीस ठाण्यातल्या एका प्रसंगामुळे. भाऊबंदांविरुद्ध तक्रार घेऊन आलेला पानसिंग आपली पदके आणि प्रमाणपत्रे पुढे करतो, आणि अधिकारी ती बेफिकिरीने भिरकावून देतो. आइस्क्रीम वितळण्याआधी साहेबाच्या घरी पोहोचते करण्यासाठी धावत सुटलेला जवान पानसिंग आपण थोड्याच वेळापूर्वी पाहिलेला असतो, म्हणून हा अपमान अधिक झोंबतो. इरफान खान यांनी येथे आवाज चढवलेला नाही, आणि तेच बरे झाले.

स्टीपलचेसची निवड योगायोगाची असली, तरी दिग्दर्शकाने तिचा नेमका उपयोग करून घेतला आहे. या शर्यतीत २८ अडथळे आणि त्याशिवाय पाण्यावरून घ्यायच्या ७ उड्या असतात. साध्या अडथळा शर्यतीतला (हर्डल्स) अडथळा पाय लागताच आडवा होतो, पण स्टीपलचेसचा जाड लाकडी अडथळा जागचा हलत नाही, त्यामुळे धावणाऱ्याला तो ओलांडावा लागतो किंवा त्यावर पाय देऊन पलीकडे जावे लागते. जमीन, भाऊबंद, ठाणे यांपैकी काहीच जागचे हलत नाही, हे चित्रपट एकाही भाषणाशिवाय सांगून जातो. उत्तरार्धाची घाई मात्र आम्हाला खटकली. टोळीतली माणसे ओळखीची होण्याआधीच मरू लागतात.

२०१२ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कथापटाचा आणि इरफान खान यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या पत्रात शेवटच्या पाट्यांचा उल्लेख नाही, कदाचित त्या आधीच आपण उठला असाल. उपेक्षेत दिवस काढलेल्या खेळाडूंची नावे तेथे येतात. त्यांत १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणणारे आपले खाशाबा जाधवही आहेत, ज्यांनी कधी बंदूक उचलली नाही.