क्षेपणास्त्र-ड्रोनच्या काळात पॅराट्रूपर (विमानातून पॅराशूटने उतरणारे सैनिक) कशाला? आणि दुसऱ्या देशांबरोबर संयुक्त सराव का करतात?

प्रश्न धुळ्यात भरतीची तयारी करणाऱ्या पोराचा दिसतो, म्हणून आपल्याकडचंच समजून घे भाऊ. समज, शत्रू तापीच्या उत्तरेला आहे आणि त्याला दक्षिणेकडे पळायचंय. मग त्याच्याआधी पुलावर जो उतरेल, त्याने अर्धी लढाई जिंकली. ड्रोन पूल पाडू शकतो, पण धरून ठेवू शकत नाही.

बांगलादेश युद्धात 11 डिसेंबर 1971 ला तिथल्या टांगाइलजवळ हेच झालं. 2 पॅरा बटालियनने उडी मारून पुंगली पूल घेतला आणि ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली. जमिनीवरून 1 मराठा लाइट इन्फन्ट्री येऊन त्यांना मिळाली. हे 'येऊन मिळणं' फार महत्त्वाचं. पॅराट्रूपरकडे दारूगोळा मोजकाच असतो, रणगाडे जवळपास नसतातच. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, नेदरलँड्समधल्या आर्नेमला उतरलेल्या ब्रिटिश पॅराट्रूपरांपर्यंत मदत वेळेत पोहोचली नाही आणि तुकडी संपली. 2022 मध्ये कीव्हजवळच्या होस्टोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरने उतरलेल्या रशियनांनाही असाच फटका बसला. म्हणजे विमानविरोधी मारा शाबूत असेल तर मोठी उडी हा आज जुगारच आहे, असं माझं मत.

संयुक्त सरावाचं म्हणशील, तर मार्च 1951 मध्ये कोरियाच्या युद्धात आपल्या 60 पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सच्या वैद्यकीय पथकाने अमेरिकी पॅराट्रूपरांसोबत उडी मारली होती. रेडिओ, नकाशे, हुकूम द्यायची पद्धत, सगळं देशागणिक वेगळं. हे आधी जुळवलं नाही तर आपलेच आपल्यांवर गोळ्या झाडतात. भारत-अमेरिका यांचा 'युद्ध अभ्यास' हा संयुक्त सराव 2004 पासून चालतो तो यासाठीच, फोटोंपुरता नाही.