आधी मॅगझिन, मग चेंबर

बेटा,

तुझं पत्र मिळालं. अकादमीतून बाहेर पडून पोलीस स्टेशनला हजर झालीस, ताब्यात 9 एमएम पिस्तूल आलं आणि आता ते स्वतः खोलून साफ करायचं म्हणतेस, फार बरं वाटलं. कितीतरी जण हत्यार वर्षभर होल्स्टरमध्ये ठेवतात आणि फायरिंगच्या आदल्या दिवशी आर्मररच्या (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याच्या) टेबलावर नेऊन टाकतात.

तुझं पिस्तूल म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं 9 एमएम 1ए, मूळ जात ब्राउनिंग हाय-पॉवरची. जॉन ब्राउनिंगनं डिझाइन सुरू केलं, तो 1926 ला गेला, मग बेल्जियमच्या एफएन या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीत सेव्ह नावाच्या माणसानं ते पूर्ण केलं आणि 1935 ला ते आलं. रोजच्या सफाईपुरतं खोलायला याला एकही अवजार लागत नाही, नुसते हात पुरतात.

पण खोलण्याच्या आधीचं ऐक, माझ्या दृष्टीनं खरं काम तेच आहे. आधी मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) काढायचं, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायची. उलटं केलंस, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढलीस, तर चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेतला) राऊंड, म्हणजे गोळी, बाहेर पडतो, तो तुला दिसतो, वाटतं झालं खाली, म्हणजे रिकामं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधला पुढचा राऊंड चेंबरमध्ये घेऊन गेलेली असते. त्यानंतर मॅगझिन काढलंस तरी एक राऊंड आत आहेच. आणि या पिस्तुलात आणखी एक गोष्ट आहे, मॅगझिन नसलं की ट्रिगर काम करत नाही. म्हणजे दाबून बघितलंस तर काहीच होत नाही आणि माणूस निर्धास्त होतो, मग चेक करायला म्हणून रिकामं मॅगझिन घालतो, ट्रिगर दाबतो आणि गोळी सुटते. म्हणून ट्रिगर दाबून हत्यार खाली आहे का ते कधीच ठरवायचं नाही. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं, कारण लाइट गेलेली असते, झोप झालेली नसते, डोळा फसतो. कुणी हातात देताना 'खाली आहे' म्हणालं, मग ते तुझे साहेब असले तरी, त्यांच्यासमोरच परत बघायचं. यात कुणाचा अपमान होत नाही गं.

राऊंड मोजून दुसऱ्या खोलीत ठेवायचे, सफाईच्या टेबलावर एकही नको. पिस्तुलाचं तोंड कायम वाळूच्या पेटीकडे नाहीतर जाड भिंतीकडे, पलीकडे कोण बसतं ते माहीत पाहिजे.

आता खोलणं. स्लाइडच्या खालच्या कडेला सेफ्टीच्या (गोळी सुटू नये म्हणून लावायच्या खटक्याच्या) दोन खाचा आहेत, स्लाइड मागे ओढून पुढच्या खाचेत सेफ्टी अडकव. उजव्या बाजूला स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवणाऱ्या लिव्हरच्या) पिनचं टोक दिसतं, ते बोटानं आत दाब आणि डावीकडून लिव्हर काढून घे. थोडं अडतं, पण हातोडी घेऊ नकोस, अडलं म्हणजे स्लाइड एखाद्या केसानं पुढंमागं आहे. मग स्लाइड घट्ट धरून सेफ्टी खाली कर आणि सावकाश पुढे काढ. स्लाइड उलटी करून रिकॉइल स्प्रिंग त्याच्या गाइडसकट, नंतर बॅरल (नळी). बास, इथं थांबायचं. फायरिंग पिन, सिअर, हॅमर (मागचा ठोका देणारा भाग) हे आतले भाग व्हिडिओ बघून काढायच्या भानगडीत पडू नकोस, ते आर्मररचं काम आहे.

बॅरल चेंबरकडून साफ करायची, तोंडाकडून नाही, तोंडाची कड रॉडनं घासली गेली की नेम बिघडतो. आधी ब्रश, मग कोरड्या चिंध्या, जोपर्यंत चिंधी स्वच्छ निघत नाही तोपर्यंत. चेंबरच्या खालचा उतार, जिथून राऊंड वर सरकतो, आणि एक्स्ट्रॅक्टरचा (चेंबरमधून पुंगळी बाहेर ओढणारा) आकडा, या दोन जागी काजळी बसते आणि लोक नेमक्या त्याच सोडतात. तेल बोटाला लागेल एवढंच. जास्त तेलावर धूळ बसते, चिखल होतो, शिवाय ते राऊंडच्या कॅपपर्यंत (मागे जिच्यावर ठोका बसतो ती) झिरपलं तर राऊंड फुसका निघू शकतो. फायरिंगला जायच्या आधी बॅरल आतून कोरडी पुसून घे. केरोसिननं धुतलंस तर नंतर तेलाचा हात हवाच, नाहीतर धातू उघडा पडतो. तू कोकणात आहेस, पावसाळ्यात तर हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊच नकोस, चामडं ओल धरतं आणि दोन दिवसांत गंज दिसायला लागतो.

काजळीत शिसं असतं, त्यामुळे त्या टेबलावर चहा-बिस्कीट नाही, हात साबणानं धुवून मगच.

जोडून झालं की स्लाइड दोन-तीनदा ओढ, परत एकदा चेंबर बघ, रिकामं मॅगझिन घाल (तेही हातानं चाचपून), तोंड वाळूकडे आणि ट्रिगर दाब, हॅमर पडला पाहिजे. सेफ्टी लावून दाबलंस तर पडता कामा नये. पडला तर तसंच आर्मररकडे.

पुढे कधी ग्लॉक पिस्तूल मिळालं तर लक्षात ठेव, ते खोलतानाच ट्रिगर दाबावा लागतो. चेंबर न बघता ते खोलायला बसलं तर काय होईल हे तुला सांगायला नको.

आणि तू विचारलंस ना, सरावात राऊंड मधेच अडकतो. पिस्तूल उघडायच्या आधी मॅगझिनवर मार्करनं 1 आणि 2 लिही, कुठल्या मॅगझिनला अडकतं ते दोन सरावांत बघ. एकाच मॅगझिनला अडकत असेल तर त्याचे ओठ (वरच्या कडा) वाकलेत किंवा स्प्रिंग दमलीय, ते बदलून माग. दोन्हीला अडकत असेल तर तो उतार आणि एक्स्ट्रॅक्टर नीट साफ कर, तरी नाही गेलं तर आर्मररला दाखव आणि मला कळव.

तुझा,
काका