टॉवर, चिमण्या अन् वीज: वाचक विचारायलेत

मोबाईलच्या रेडिएशनबद्दल तुमची भरपूर पत्रं अन् मेसेज आलेत, त्यातले निवडक प्रश्न इथं घेतलेत.

प्रश्न : आमच्या गावात शाळेजवळ टॉवर उभा राहायलाय. ग्रामसभेत लई गोंधळ झाला, अर्धे म्हणतात लेकरांना कॅन्सर होईल, अर्धे म्हणतात रेंज नाही म्हणून हाल व्हायलेत. मी सदस्य आहे, काय बोलू? (एक वाचक भगिनी, औसा तालुका)

ताई, टॉवर येऊ द्या म्हणा. टॉवरमधून रेडिओ लहरी निघतात, एक्सरे नाही. एक्सरेमध्ये पेशीतला डीएनए तोडायची ताकद असते म्हणून त्याला जपावं लागतं, रेडिओ लहरीत तेवढा दमच नसतो. आपल्या साध्या उजेडाच्या एका कणात मोबाईलच्या लहरीपेक्षा लाखपटीहून जास्त ऊर्जा असते अन् तरी उजेडानं डीएनए तुटत नाही. रेडिओ लहरी लईच जोरात असल्या तर अंग गरम करतात, बस, अन् नियमातली मर्यादा त्याच्याही कितीतरी खाली ठेवलेली असते. भारतानं तर २०१२ मध्ये टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली.

आता गावात हे नीट समजावून सांगा, कारण सगळं गणित इथंच उलटं होतं. अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर चौथाईवर येतो. टॉवर शे-दोनशे फुटांवर असतो, त्याचा झोत बॅटरीसारखा लांब समोर जातो, सरळ खाली पडत नाही. पण फोन तर तुमच्या कानाला चिकटलेला असतो! अन् रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोचायला फोन स्वतःचा जोर वाढवतो. म्हणजे एक दांडी रेंज असलेल्या वस्तीवर पोरगी माळावर उभी राहून बोलायली तर टॉवरजवळच्या माणसापेक्षा तिच्या डोक्यापाशी जास्त लहरी असतात. टॉवर हाकलून लावला की गावाला हेच मिळणार.

तरी शंका राहिली तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर टॉवरची माहिती मिळते, फी भरून मोजणीही करून घेता येते. अन् ग्रामसभेत भांडायचंच असेल तर डिझेल जनरेटर कुठं बसवणार, त्याचा धूर अन् आवाज शाळेत जाईल का, यावर भांडा. त्याचा त्रास लेकरांना खरंच होतो.

प्रश्न : डब्ल्यूएचओनंच मोबाईल कॅन्सरच्या यादीत टाकलाय, मग तुम्ही नाही कसं म्हणता? (एक विद्यार्थी, नांदेड)

टाकलाय, खरंय. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना २बी गटात घातलं. या गटाचा अर्थ असा की शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही पण पुरावा अपुरा आहे, अजून बघावं लागेल. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क पण आहे. मग पुढं बघितलंही. डब्ल्यूएचओनंच करून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला, १९९४ ते २०२२ पर्यंतचे ६३ अभ्यास तपासले, मोबाईल अन् मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही, दहा वर्षांहून जास्त फोन वापरणाऱ्यांतही नाही. व्हॉट्सॲपवर मात्र २०११ चीच बातमी अजून फिरायलीय.

प्रश्न : टॉवरमुळं चिमण्या संपल्या हे तरी खरं ना? (एक निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई)

गुरुजी, चिमण्या कमी झाल्या हे दुःख खरंच मोठं आहे, पण दोष टॉवरवर टाकला की खरं कारण तसंच राहतं. ब्रिटनमध्ये चिमण्या १९७० च्या दशकाच्या शेवटापासून कमी व्हायला लागल्या, तेव्हा मोबाईल होता कुठं? आपल्याकडचं माळवदाचं घर आठवा. सर म्हणजे लाकडी तुळई, ती अन् भिंतीच्या मधली फट, देवळीच्या वरचा कोपरा, तिथं काड्या-कापूस कोंबून घरटं असायचं, खाली अंगणात ज्वारी पाखडली की दाणे. आता स्लॅब, टाईल्स, खिडकीला जाळी, फटच नाही. अन् मोठी चिमणी दाणे खाते पण पिल्लाला अळ्या-किडे लागतात, कपाशी-सोयाबीनवर इतकी फवारणी झाल्यावर ते आणायचे कुठून? भिंतीला लाकडी पेटी टांगा, परसात थोडी झुडपं राहू द्या, याचा उपयोग होईल.

प्रश्न : रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार, नासा अन् बीबीसीनं सांगितलंय, मोबाईल बंद करून लांब ठेवा, असा मेसेज आलाय. आई फार घाबरलीय. (पैठण)

खोटाय, दरवर्षी येतो. कॉस्मिक किरणं म्हणजे अवकाशातून येणारी किरणं, ती रात्रंदिवस येतच असतात, बरीचशी वातावरणातच अडतात, फोन चालू की बंद यानं काही फरक पडत नाही. आईला म्हणावं झोपा निवांत.

प्रश्न : फोनमागं लावायचं रेडिएशन रोखणारं स्टिकर घ्यावं का?

नका घेऊ. स्टिकरनं काहीच होत नाही, अन् कव्हरनं अँटेना खरंच झाकली तर फोन जोर वाढवणार, वर सांगितलंय तसं. फोनच्या लहरींतली किती ऊर्जा अंगात शोषली जाते त्या मापाला सार (SAR) म्हणतात, भारतात फोनसाठी त्याची मर्यादा किलोमागं १.६ वॅट आहे, तुमच्या फोनचा आकडा बघायचा तर डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबा. फार बोलणं होत असेल तर इयरफोन लावा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर मात्र फोन छातीवरच्या खिशात ठेवू नका, सहा इंच तरी लांब ठेवा. ही काळजी खरी आहे.

प्रश्न : मोबाईलची लहर वीज ओढते म्हणतात. आमच्याकडं आभाळ आलं की सगळे फोन बंद करायलेत. (एक शेतकरी, गेवराई तालुका)

दादा, या प्रश्नाचं उत्तर घरात सगळ्यांना वाचून दाखवा. मोबाईल वीज ओढत नाही. वीज उंच गोष्टीकडं जाते, मोकळ्या रानात ती उंच गोष्ट म्हणजे झाड नाहीतर तुम्ही. अंगावर धातू असेल तिथं जास्त भाजू शकतं, म्हणून जळालेला फोन दिसला की लोक म्हणतात यानंच ओढली. अन् मग काय होतं, माणूस फोन बंद करतो, आता धोका टळला असं समजतो अन् लिंबाखाली जाऊन उभा राहतो! मराठवाड्यात पेरणीच्या अन् सोयाबीन काढणीच्या दिवसांत विजेनं किती माणसं अन् जनावरं जातात ते तुम्ही बघताच.

फोन चालूच ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप टाकून घ्या, जवळपास वीज पडायची शक्यता असली की ते सांगतं. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत जा, ट्रॅक्टरवर किंवा उघड्या पत्र्याच्या शेडखाली थांबू नका, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. घरात असताना चार्जिंगला लावलेला फोन तेवढा हातात धरू नका, वीज वायरीतून येऊ शकते. अन् कुणावर वीज पडलीच तर त्याच्या अंगात करंट राहतो असं समजून लोक लांब उभे राहतात, पण अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावा, श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहा अन् दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा.