सिंहगड चढताना नाही, उतरल्यावर मांड्या का भरून येतात?

तुमचा प्रश्न असा : रविवारी सिंहगड केला, चढताना नुसता दम लागला, मग मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना मांड्या का बोंबलल्या? आणि स्नायू 'आकुंचन पावतो' म्हणजे आत नेमकं काय होतं?

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, जिना जुना आणि उभा. गडावरून आलेले लगेच ओळखू येतात : वर येताना ठीक, जाताना कठडा धरून खेकड्यासारखे तिरके.

शिजलेल्या मटणाचे धागे सुटतात, ते पाहिलेच असतील. स्नायू म्हणजे तशा तंतूंच्या जुड्या. तंतूच्या आत आणखी बारीक तंतुकं, आणि त्यांत एकापुढे एक जोडलेले सार्कोमिअर, म्हणजे आखडणारे छोटे कप्पे. एक साधारण अडीच मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरात सुमारे ४००. 'आकुंचन' शब्दाने घोटाळा होतो. वाटतं, आतले धागे रबरासारखे आखडतात. तसं नाही, ते एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ साली अँड्र्यू हक्सली-निडरगर्के आणि ह्यू हक्सली-जीन हॅन्सन या शास्त्रज्ञांच्या दोन जोड्यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं. (दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नाही, मीही कॉलेजात भाऊच समजायचे.)

रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. सरकणारे धागे दोन प्रथिनांचे : बारीक अॅक्टिन हा दोर, जाड मायोसिनला हात. चेतेतून संदेश आला की तंतूतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं आणि दोरावरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं. मग झाकणासारखं बसलेलं ट्रोपोमायोसिन बाजूला सरून दोरावरच्या पकडायच्या जागा उघड्या पडतात. हात पकडतात, ओढतात, सोडतात, पुढे पकडतात. गंमत म्हणजे पकड सोडवायलाच एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. मेल्यावर ते संपतं, हात अडकून राहतात, म्हणून प्रेत ताठतं.

आता उतरण. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत गुडघा सरळ करतो. उतरताना त्यालाच तुमचं वजन अलगद खाली सोडायचं असतं. म्हणजे ओढतोय, तरी लांबतोय. रस्सीखेचीत हरणाऱ्या संघासारखं : दोर घट्ट धरलाय, समोरचे तो ओढून नेतायत. तळवे सोलतात ते तेव्हाच. काही सार्कोमिअर जास्त ताणले जाऊन विस्कटतात, मग सूज येते. दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. लॅक्टिक अॅसिडवर उगाच आळ घेतात, ते तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं.

चार-पाच दिवसांत पाय मोकळे होतील, तोवर हलकं चालत राहा. एकदा दुखून गेलं की पुढचे काही आठवडे त्याच उतरणीला तेवढं दुखत नाही. म्हणून पुढच्या गडाआधी पर्वतीच्या पायऱ्यांवर सराव करा, आणि तिथे चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या. मात्र लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.